खापर कपाटावर

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची पेटी मांडीवर घेऊन शिंपीणबाई नंबराची वाट बघत होत्या. डॉक्टरांच्या खोलीतून एक जावई बाहेर आला आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंपाशी टेकला.

“सासूबाई, कपाट उघडं राहिलं नव्हतं. कुत्र्याला चॉकलेट मीच दिलं.”

“अन् सकाळपासून खापर बिचाऱ्या कपाटावर!”

“मोह झाला हो. इतका केविलवाणा बघत होता. सैतानच शिरला अंगात.”

“आदामाने हव्वेवर ढकललं, हव्वेने सापावर. तुमचं कपाट संपलं, आता सैतान! तो नुसता भुलवतो, जावईबापू. हात आपलाच असतो.”

“म्हणून तर आत खरं सांगून आलो. डॉक्टरांनी लगेच त्याला सगळं ओकायला लावलं. धोका टळला. शेपूट हलवतोय.”

“प्रभूची कृपा गं बाई!” सासूबाईंनी डोळे पुसले. “किती दिलं म्हणालात?”

“दोन तुकडे.”

सासूबाई पदर सावरून उठल्या. शिंपीणबाईंनी मान न वळवता कान टवकारले.

“थांबा, मीही आत जाऊन येते.”

“आता कशाला? वाचला की तो!”

“चार होते. माझ्याकडेही तो तस्साच बघत होता.”