जड माणूस जवळ बसतो

दोन्ही वर्गांची मिळून सरासरी चौसष्ट, बरोबर आहे गं, चूक कुठे म्हणतेय मी — पण इतक्या झटकन? बाकीचे साठ आणि सत्तरच्या मधलं पासष्ट सांगून मोकळे होतात — साठ सरासरीच्या वर्गात तीस मुलं, सत्तरच्या वर्गात वीसच, हे कुणाच्या गावीही नसतं — आणि तू तर सूत्रही मांडलं नाहीस. काय काढलंस ते? दाखव की, लपवतेस काय, शिकायलाच आलीस ना माझ्याकडे? — फळी. बागेत मुलं वरखाली करतात ती फळी, एका टोकाला साठ, दुसऱ्याला सत्तर, खाली टेकू. आणि ओठातल्या ओठात काय पुटपुटलीस? — जड माणूस जवळ बसतो. हं. तीसवाला वर्ग जड, म्हणून तो टेकूपासून चारच लांब, वीसवाला सहा. बरोबर. अगदी बरोबर.

कुणी शिकवलं हे? पुस्तकात वाचलंस? छे, कुठल्याच पुस्तकात नाहीये ते, मला विचार — मीच केलंय ते, एका माणसासाठी. अभ्यासिकेत शेजारी बसायचा माझ्या. हुशार हो, पण गुणोत्तर हमखास उलटं मांडायचा, दोनदा परीक्षा हुकली त्यापायी. शेवटी समोरच्या बागेत नेलं त्याला नि बसवलं मुलांच्या फळीवर — हस, हस, लोकही हसत होते — तो हा एवढा दांडगा, मी ही अशी काडी, वरच्या वर लोंबकळत! म्हटलं, सरक टेकूकडे, मी खाली येईपर्यंत सरक. सरकत सरकत पार जवळ आला. मग झाला की पास! नोकरी लागली, लांब लागली — म्हणाला, जरा बस्तान बसू दे, न्यायला येतो तुला. येईलच. आई म्हणते पुरे आता वाट बघणं — आईला काय कळतंय त्याचं? नवीन नोकरीत फोनला तरी कुठे फुरसत मिळते—

काय म्हणालीस? होणाऱ्या नवऱ्यानं शिकवलं?

कुठे असतो तो? — हो. हो, माहीत आहे मला ते ऑफिस. आणि इथं यायला — म्हणजे पाटी बघून नाही आलीस तू? त्यानंच पाठवलं? काय म्हणाला? नाही, नीट सांग, त्याचे शब्द सांग — ‘आमच्या अभ्यासिकेत एक ताई होत्या, त्यांच्याइतकं गणित कुणी शिकवत नाही’ — ताई? ताई म्हणाला? मला?

असू दे. तू कशाला घाबरतेस, तुझा काय दोष त्यात — रडतेय म्हणजे रडतेय मी, बघू नकोस माझ्याकडे. या महिन्याची फी परत घेऊन जा. नाही, उद्या नको. उद्याही नको, परवाही नको, दुसरी शिकवणी बघ. आणि त्याला सांग — काही सांगू नकोस. वही घे तुझी. ऊठ. जा ना गं, जा आता — आणि जाताना दार ओढून घे.