सावडीच्या दिवसाची हजेरी

माझा जन्म धसईच्या पलीकडच्या पाड्यावरला, लगीन होऊन आली ती पण एक ओढा ओलांडून अलीकडं, म्हणजे माझं सगळं जग तेवढंच, शाळा चौथीपर्यंत, आणि अशा हिराबाईला कालेजची शिपाई केली, काय सांगू तुम्हाला, माझं मलाच हसू यायचं.

कालेज म्हणजे तुमी मोठी इमारत डोळ्यासमोर आणाल, तसं नाय हां. आमच्या गावच्या तात्यांची भाताची गिरणी बंद पडलेली, ती गिरणी आणि बाजूची खाचरं सपाट करून मैदान, असं तात्यांनी दिलं, बोलले आपल्या पोरी शिकतील, मुरबाडला यष्टीनं कोण धाडतंय त्यांना. मधे पत्रे ठोकून वर्ग केले. पंखा लावला का वाशावरचं जुनं तूस खाली यायचं, सरांच्या डोक्यावर, सर झटकायचे आणि शिकवत राहायचे. गिरणीचं लोखंडी चाक जांभळीला टांगलेलं, तीच घंटा, ती वाजवायची मी.

सर म्हणजे प्राचार्य, कल्याणचे, स्वभावानं लोणी, पण हजेरीला कडक. एकीची हजेरी दुसरीनं दिलेली चालायची नाय. बोलायचे, हिराबाई, माणूस एक वेळ नापास चालंल, खोटं हजर नाय चालणार. माझी सुनंदा त्याच कालेजात, शेवटचं साल नुकतं लागलेलं. आणि त्याच साली वरून कळलं, पोरं कमी आहेत, तपासायला माणसं येणार, वर्ग भरलेला दिसला नाय तर परवानगी बंद. आमचे हे बोलले, कालेज बंद झालं का पोरीचे हात पिवळे करून टाकू, बस झालं शिक्षण.

सर बिचारे पाड्यापाड्यावर फिरले, सगळी पोरं बोलली येतो सर. पण ते तपासणीवाले आले कधी, तर ऐन भातलावणीत, आणि त्या दिवशी सावड तात्यांच्या शेतावर. सावड तुम्हाला ठाव नसंल. आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या तुझ्या, मजुरी नाय, हाताला हात. ती मोडायची नाय. मोडली तर तुझ्या चिखलात उतरायला कोण येईल? त्यात ज्यांनी कालेजला जागा दिली त्यांचीच सावड. पोरांना वाटलं, शेत कालेजला लागूनच आहे, घंटा झाली का पळत येऊ. आणि मी काय केलं, साहेब लोकं आलेली बघून घाबरली, घंटा वाजवायचीच विसरली.

दोन साहेब आणि एक म्याडम. वर्गात बघतात तर बाकं रिकामी, एक कुत्रं तेवढं बसलेलं. सरांचं तोंड पांढरंफटक. साहेब बोलले, विद्यार्थी कुठं आहेत? सर नुसतं हजेरीचं बुक चाळायला लागले, मग मीच बोलली, साहेब, हायेत ना, चला दावते, आणि सगळ्यांना बांधावर नेलं. म्याडमनी चपला हातात घेतल्या. समोर सगळं कालेज चिखलात, हातात रोपाच्या मुठी.

सरांनी छत्रीखाली उभं राहून नावं घ्यायला सुरुवात केली. एकेक जण वाकलेला उठायचा, हजर सर, परत वाकायचा, कारण ओळ मागं राहिली तर बाया शिव्या देतात. एक पोरगी मामाकडं कसाऱ्याला गेलेली. तिचं नाव आलं तशी आमचीच सुनंदा तोंड फिरवून बारीक आवाजात बोलली हजर. सर थांबले. बोलले, सुनंदा, तुझी हजेरी झाली, ही पोरगी गैरहजर आहे. साहेबांसमोर हो! एकेका पोरावर कालेज अडलेलं आणि हा बाबा गैरहजर लिहितोय. मला वाटलं झालं, संपलं.

पण म्याडम हसल्या. साहेबांना बोलल्या, या सरांनी लिहिलेलं खरं धरायला हरकत नाय. परवानगी मिळाली अजून एक साल. सुनंदाला तेवढंच लागत होतं. पास झाली, पुढं शिकली, आता शहापूरला शाळेत बाई आहे.

कालेज काय जास्त टिकलं नाय. यष्ट्या वाढल्या, पोरी मुरबाडला जायला लागल्या, चांगलंच झालं म्हणा, पण इथली बाकं रिकामी राहायला लागली आणि मग कुलूप लागलं. तात्या गेले, त्यांच्या पोरांनी मैदानात परत बांध घातले, खाचरं केली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण भात चांगलं येतं तिथं.

मागल्या लावणीला सर आले, म्हातारे झालेत, काठी घेऊन. आमी सावडीला त्याच खाचरांत. सर बोलले, हिराबाई, मैदान कुठं गेलं? मी बोलली, सर, मी त्याच्यातच उभी हाये. मग काय वाटलं त्यांना, बांधावरनं नावं घ्यायला लागले, सगळी तोंडपाठ. आता ती पोरं बापे झालीत, पोरींना लेकरं झालीत, तरी उठून हजर सर, हजर सर. मग सुनंदाचं नाव घेतलं. कुणीच बोललं नाय. माझ्याच्यानं राहावलं नाय, मी बोलली हजर.

सर बोलले, हिराबाई, दुसऱ्याची हजेरी द्यायची नाय.

मी बोलली, सर, पोरगी तिकडं शाळेत पोरांची हजेरी घेत असंल आता. तिच्या वाट्याची सावड मी करते, तर हजेरी कोण देणार?

सरांनी काठी काखेत धरली. मग बोलले, बरं, लिहितो. हातात कागद नाय, पेन नाय, तरी बोलले लिहितो. देव त्यांना उदंड आयुष्य देवो.