नाही समजलं, त्यांनी हात वर करा!

बोला, पांडुरंग हरी! — मागची मंडळी गप्प का? थंडी वाजतेय? अहो, नाव घ्या, ऊब येईल!

मंडळी, ऐका. आज एक प्रश्न घेऊन उभा राहिलोय. माणसाला एखादी गोष्ट कळत नाही — हे पाप का? नाही! मग कळलेलं नसताना मान डोलवायची — हे? बघा, कसे गप्प झालात! पेटीवाले, सूर धरून ठेवा. उत्तर मी नाही देणार, डहाके बाई देणार आहेत.

कोण डहाके बाई? रत्नमाला डहाके! नदीकाठच्या एका लहानशा गावात आठवीला शिकवायच्या. शिक्षक संघटनेच्या तालुक्याच्या सचिव. उंचीनं बुटक्या, पण आवाज खणखणीत! बाईंनी 'बसा' म्हटलं, की वर्ग तर बसायचाच, व्हरांड्यातली शेळीसुद्धा बसायची!

त्या वर्षी सरकारदरबारी एक प्रस्ताव निघाला. लहान शाळांतल्या आठवीचं अनुदान बंद! मुलांनी जवळच्या मोठ्या शाळेत जावं. ऐकायला किती गोड! पण बाईंच्या गावाची ती 'जवळची' शाळा होती नदीपलीकडे. आणि पूल? नाही! मुलांना ठेवतील हो मामाकडे, काकाकडे. मुलींचं काय? सातवीत कुंदा नावाची पोर होती, अक्षर असं की बघत राहावं. तिच्या बापानं बाईंना सांगूनच टाकलं, "बाई, आठवी गेली तं पोरीची शाळा संपली. पुरात धाडू का तिले?"

म्हणून संघटना निघाली नागपूरला, हिवाळी अधिवेशनात! शिक्षण समितीच्या आमदारांची भेट ठरली. संघटनेचे अध्यक्ष देवतळे सर — कपडे इस्त्रीचे आणि बोलणं त्याहून इस्त्रीचं! जिन्यातच त्यांनी बाईंना बजावलं, "मॅडम, एक विनंती. ते लोकप्रतिनिधी आहेत. तिथं शिकवायला लागू नका."

"नाही लागणार, सर," बाई म्हणाल्या. आणि मनात म्हणाल्या — देवा, आजच्या दिवस माझी जीभ सांभाळ रे बाबा!

आत गेले. सत्तेतले आमदार एका बाजूला, विरोधातले दुसऱ्या बाजूला. समोसे मात्र सामाईक!

बाई बोलायला लागल्या. नदी सांगितली, पूर सांगितला, कुंदा सांगितली. समोर माना डोलताहेत! "हो हो." "समजलं, मॅडम." "सकारात्मक विचार करू." एकाची मान तर फोनकडे बघून डोलत होती. आणि बाई चपापल्या. का? अहो, ही डोलणारी मान त्यांनी उभ्या जन्मात रोज पाहिली होती! वर्गात ज्याला काहीच कळलेलं नसतं ना, तोच सगळ्यात जोरात मान हलवतो. ही माणसं अशीच उठून गेली की कुंदाची शाळा गेली. जीव कळवळला बाईंचा, आणि सुटला की हो शब्द तोंडातून! वर्षानुवर्षांची सवय!

"ज्यांना नाही समजलं, त्यांनी हात वर करा!"

झालं! देवतळे सरांनी डोळे मिटले. एक समोसा तोंडाच्या अलीकडेच थांबला. बाईंना वाटलं, संपलं सगळं, कुंदाला मीच बुडवलं.

आणि मंडळी — कोपऱ्यातून एक हात वर आला!

आमदार तुळशीराम वाढोणकर. पांढऱ्या मिशांचे, आणि चक्क सत्तेतले! "मॅडम, मले नाही समजलं. प्रस्तावाले मीनंबी हो म्हटलं होतं. शाळा तं जवळच हाय म्हनते, मंग अडते कुठं?"

देवतळे सर उठले, "साहेब, त्याचं असं आहे—"

"तुम्ही बसा, सर!" बाई म्हणाल्या. सर बसले!

बाईंनी अंगावरची शाल काढली, जमिनीवर लांब पसरली. "भाऊ, ही नदी. पलीकडची ती खुर्ची म्हणजे शाळा. तुम्ही कुंदा. पाठीवर दप्तर आहे. जा शाळेत."

भाऊ हसत हसत आले. शालीवरून पाय उचलला—

"थांबा! आषाढ आहे. पाणी तुमच्या डोक्यावरून जातंय."

पाय हवेतच राहिला. "मंग पूल?"

"नाही."

"नाव?"

"पुरात नाव कोण घालतं, भाऊ?"

"मंग म्या करू काय?"

बाईंनी शालीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "घरी जा, कुंदा."

तुळशीरामभाऊ शालीच्या अलीकडे तसेच उभे. डोळे भरून आले हो त्या माणसाचे! वाकले, शाल उचलली, झटकली, बाईंच्या हातात दिली. "समजलं, मॅडम," म्हणाले. आणि या वेळी मान नाही हलली त्यांची!

सभागृहात हाच माणूस आपल्याच सरकारच्या प्रस्तावाविरुद्ध उभा राहिला. मागून दोन्ही बाजूंचे उठले. आठवीचं अनुदान राहिलं! पूल अजून नाही बरं का, त्यासाठी बाई पुन्हा नागपूरला जाताहेत. पण कुंदा आठवीत बसली, आपल्या गावात, आपल्या बाईंसमोर! धन्य ती माउली, आणि धन्य तो हात वर करणारा!

आता तुमच्याकडे येतो. मघापासून माना डोलवताय, मला दिसतंय! कीर्तनात डोलवा, हरकत नाही. पण परवा ग्रामसभेत आपल्या शाळेचा ठराव वाचला, तेव्हाही अशाच डोलवल्यात ना? काय होतं त्या ठरावात? आपली शाळा यंदा राहणार की जाणार? टाळ खाली ठेवा. ज्यांना नाही समजलं, त्यांनी करा हात वर!

...अहो सरपंच, तुम्हीसुद्धा?

राहू द्या, राहू द्या, हात खाली नका घेऊ! असेच उद्या ठराव समजून घ्यायला सगळे शाळेत चला. बोला, पांडुरंग हरी!