फळा फाटकाबाहेर

मी मूळची निपाणीकडची बघा, आई विड्या वळायची, बाप लवकर गेला, आणि गल्लीतल्या बायकांची भिशी आमच्या आईकडं असायची. आईचा एकच दंडक, भिशीचा पैसा दाराच्या आत न्यायचा न्हाई, अंगणात घोंगडं टाकायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजायचा आणि तिथंच देऊन मोकळं व्हायचं. मी म्हणायची, आई, ऊन लागतंय की गं, आत बसूया, तर म्हणायची, ऊन लागू दे, बोल लागायला नको.

पुढं शिकले, मास्तरीण झाले, मालक बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लागले म्हणून बेंगळूरला आले, आणि काय सांगू तुम्हाला, माझं कन्नड आमच्या बेळगावकडचं, रांगडं, इथली पोरं फिदीफिदी हसायची, मीही हसायची, जमलं. मग चामराजपेटेतल्या सरकारी शाळेची हेड मेडम झाले. हेड झालं की शिकवणं राहतं बाजूला, आणि अनुदान, बिलं, चेक गळ्यात पडतात. त्याच्या ट्रेनिंगला गेले तर दिवसभर पडद्यावर नुसते रकाने दाखवले, जेवण मात्र झकास होतं.

आणि शाळेत काय, तर पोरींच्या संडासाला दार न्हवतं, नळाला पाणी न्हवतं. पाचवीतली मंजुळा, अशी हुशार पोर, दुपारच्या सुट्टीत घरी जायची ती परत यायचीच न्हाई. मी घरी गेले, तर तिची आई म्हणाली, मेडम, जायला जागा न्हाई म्हणून पोरगी शाळेत पाणीच पीत न्हाई, घरी आल्यावर घटाघटा पिते, आता शाळेतनं काढूनच टाकते.

त्या वर्षी अनुदान आलं, मार्चअखेर खर्च न्हाई झालं तर परत जाणार. चेकवर दोन सह्या, एक हेडची, एक पालक समितीच्या अध्यक्षाची. आमचे अध्यक्ष हनुमंतण्णा, मार्केटात भांड्यांचं दुकान, माणूस वाईट न्हवे, पण त्यांच्या मनात फाटकावर कमान बांधायची आणि तिच्यावर स्वतःचं नाव घालायचं. म्हणाले, मेडम, संडास कुणाला दिसतोय, कमान सगळ्या रस्त्याला दिसती. मी परत परत सांगितलं, त्यांचं आपलं एकच, बघूया मेडम, स्वल्प थांबा. आणि मार्च तर पळायला लागला.

मग मला आईचं घोंगडं आठवलं. वर्गातला जुना फळा उचलून फाटकाबाहेर टेकवला, आणि पोरांना न्यायला आया जमल्या तसं मोठ्या अक्षरात लिहिलं, पैसे इतके आलेत, कमानीला इतके लागतात, संडास-पाण्याला इतके, काय करूया? फाटकाशी फुलं विकणाऱ्या गंगम्मा, त्या अण्णांच्याच आई, म्हणाल्या, वाच गं. मी वाचलं. अहो, समितीच्या मीटिंगला मान खाली घालून बसणाऱ्या बायका, काय आवाज त्यांचा, आधी संडास, आधी पाणी!

तेवढ्यात अण्णा आलेच स्कूटरवरनं, तोंड लाल, मेडम, घरातली गोष्ट रस्त्यावर कशाला मांडली? मी म्हणले, अण्णा, ज्यांच्या पोरांचा पैसा, त्यांचंच घर की हे. तर गंगम्मा गजरा ओवता ओवता म्हणाल्या, अरे मगा, लेका माझ्या, कमानीवर तुझं नाव येईल, पण पोरींनी जायचं कुठं, तुझ्या कमानीखाली? बायका अशा हसल्या म्हणता, अण्णांनाही हसू आवरेना, सरी अम्मा, बरं, म्हणाले, कुठं सही करू सांगा.

मी पण काही कमी न्हाई, त्यांना तसंच सोडलं न्हाई. म्हणले, अण्णा, तुमच्यासारखा भाव पाडणारा मार्केटात दुसरा कोण हाय? फुगले की! दार, फरशी, नळ, सगळ्याला अशी घासाघीस केली की उरलेल्यात टाकी बसली. फळ्यावर मी लिहिलं, भाव पाडला हनुमंतण्णांनी, आणि ते येता-जाता स्कूटर हळू करून वाचायचे.

नळाला पाणी आलं त्या दिवशी मंजुळा माझ्यासमोर ओंजळीनं पोटभर पाणी प्याली, आणि दुपारी वर्गात बसलेली होती. मी ऑफिसात जाऊन रडले, आनंदानं हो. जिंकलो होतो आम्ही!

तेव्हापासनं फळा बाहेरच, खडू आणला तरी त्याचा हिशेब लिहिते. दुसऱ्या शाळांचे हेड बघायला येतात, घाबरतात, अक्का, लोक प्रश्न विचारतील की. मी म्हणते, विचारू देत, त्यासाठीच तर लावलाय.

आता औंदा मी निवृत्त. परवा गंगम्मांना म्हणले, नवी मेडम आली आणि तिनं फळा आत नेला तर? त्यांनी माझ्या केसात गजरा माळला आणि म्हणाल्या, नेऊ दे की, आम्ही आत जाऊन विचारू. आणखी काय पाहिजे हो मला! देव त्या बायकांची जीभ अशीच तिखट ठेवो.