ली डॉक्टरच्या मायचं पत्र

अरे, चिनी भाषांतराच्या परीक्षेची माझी खरी तयारी दाताच्या दवाखान्यात झाली! इंग्रजीचं चिनी, चिनीचं इंग्रजी करायचं. चीनशी लढाई होऊन आठ-दहा वर्षं झालेली, नागपुरात सरावाला माणूस कुठून आणणार? शेवटी दात दुखतो सांगून बर्डीवरच्या ली डॉक्टरच्या खुर्चीत जाऊन बसलो.

त्यानं तोंडात पाहिलं. "दात तं चांगला हाय गा. खरं सांग, काहून आला?"

खरं सांगितलं. तो हसला. "मले चिनी बोलता येते, लिहिता-वाचता नाही येत. माहा जन्म इकडचाच. मी लहान असतानाच माय चीनले परतली. मायची पत्रं बाबाच वाचत, उत्तरं बी तेच लिहीत. ते गेले, त्याले दोन वर्षं झाली."

मग कवळ्यांच्या साच्यांखालून त्यानं एक बंद पाकीट काढलं. चीनमध्ये राहणाऱ्या मायचं, बाबा गेल्यानंतर आलेलं. त्या दिवसांत चिनी पत्र दाखवायचं तरी कोणाला?

मी डिक्शनरी उघडून इंग्रजीत सुरुवात केली.

"इंग्रजी राहू दे. माय बोलते तसं सांग."

चिनी उच्चार माझे कच्चे, म्हणून आपल्या बोलीत सांगितलं. "पोरा, वेळेवर जेवतो ना? बाबाचा खोकला कसा हाय? त्याइले जपजो."

ली बराच वेळ हातातला छोटा आरसा पुसत राहिला. मग कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "आता उत्तर बी तूच लिही. तुहा सराव होईन."

"काय लिहू?"

"लिही, खोकला थांबला."