हिरवा ठिपका

नाशिकच्या स्टँडवर येवल्याच्या बसची वाट पाहणाऱ्या राखीशेजारी दोघी सासू-सुना बोलत होत्या.

"रोहिणी, आपल्या संघर्षच्या फोनमधलं चॅटिंग आज पासवर्ड मागतंय म्हणं गं. दुकानदार म्हणला व्हता, रोज उघडत जा, म्हंजी टोकन चालू राहतं, पासवर्ड मागत नाय. पोरगा वारल्यापासून एक दिवस चुकवला नाय मी."

"तुम्ही उघडायच्या? आई, त्यांचा पासवर्ड टाकून मीच काल सगळीकडून लॉगआउट केलं."

"का गं?"

"रोज सकाळी त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका यायचा. मी मेसेज लिहायचे. वाचल्याची खूण यायची, उत्तर नाही. सहन होईना."

राखीची बस लागली. ती उठली नाही.

"तू लिहायचीस व्हय ते? मी नुसतं बोट फिरवायची त्याच्यावर. मला कुठं वाचता येतंय, पोरी."