घामाची गोधडी

आमच्या सासूबाईंची गोधडी ऐन मे महिन्यातही कपाटात जात नाही. सातपूरच्या आमच्या पत्र्याच्या घरात माझ्या लेकीला, चिऊला ताप आला, तर त्यांनी पंखा बंद करून तिला गोधडीत गुंडाळलं.

"घाम फुटला की ताप उतरतो," म्हणाल्या.

मी गोधडी ओढून काढली. "डॉक्टरांनी पातळ कपडे घालायला सांगितलंय. गुंडाळलं की उष्णता आतच कोंडते."

"मग आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?"

"वाढवलीत ना. आता तुम्ही बसा गोधडीत. तुम्हाला आत गार वाटलं तर चिऊला परत गुंडाळते."

त्याही हट्टाला पेटल्या, डोक्यावरून गोधडी घेऊन बसल्या. मी चिऊला घोटघोट पाणी पाजत राहिले.

थोड्या वेळाने गोधडीतून आवाज आला, "पंखा लाव गं. पोरीला उकडत असेल."